कॉम्प्युटर शिकवायचाय ना, मग आधी काडेपेट्या गोळा करा

मी शाळेत होतो तेव्हा कॉम्प्युटरची खोली म्हणजे अगदी देवघर होतं. चपला बाहेर काढायच्या, पडदे कायम ओढलेले, मशीनवर कव्हर, आठवड्यातून एक तास आणि तोही चार जणांत एक मशीन. माउस एकाच्याच हातात, बाकीचे तिघं मागून "अरे तिकडे नाही इकडे क्लिक कर" करत उभे. परीक्षेतला प्रश्न ठरलेला असायचा, सीपीयूला काय म्हणतात, उत्तर कॉम्प्युटरचा मेंदू, दोन मार्क. मला ते दोन्ही मार्क मिळाले, पण तो मेंदू नेमकं करतो काय हे शाळा संपली कॉलेज संपलं नोकरीला दहा वर्षं झाली तरी मला कळलं नव्हतं. कळलं ते पस्तिशी उलटल्यावर, पुठ्ठ्याच्या एका कॉम्प्युटरमुळे, ज्याला ना वायर ना बॅटरी.

आत्ताच हे लिहायचं कारण म्हणजे २०२० च्या शैक्षणिक धोरणात कोडिंग सहावी ते आठवीच्या टप्प्यात आलं, आणि आता २०२६-२७ पासून तिसरीपासूनच एआय आणि कॉम्प्युटेशनल थिंकिंग, म्हणजे कॉम्प्युटरला सांगावं तसा पायरीपायरीने विचार करणं, शिकवायचं असं केंद्राने जाहीर केलंय. दुसरीकडे यूडायसचा, म्हणजे शाळांच्या सरकारी आकडेवारीचा, २०२३-२४ चा अहवाल बघितला तर देशातल्या साधारण ५७ टक्के शाळांतच चालू कॉम्प्युटर होते, इंटरनेट तर ५४ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे तेव्हा दहातल्या चार शाळांत चालू मशीनच नव्हतं. मग चर्चा सुरू झाली की लगेच मशीन कधी येणार, टेंडर कधी निघणार, लाइट राहणार का, यावरच येऊन थांबते. ते प्रश्न खरे आहेत, मी नाकारत नाही. पण माझं म्हणणं त्याच्या आधीचं आहे. ज्या शाळेत चाळीस नवीकोरी मशीनं आहेत, एसी आहे, तिथेसुद्धा कॉम्प्युटर शिक्षणाचे पहिले सहा महिने स्क्रीन बंद ठेवून पुठ्ठा, काडेपेटी, मणी, दोरा आणि मैदानावरची फक्की यांच्यावर व्हायला पाहिजेत, आणि त्याला टाइमटेबलमध्ये तास पाहिजे आणि मार्क पाहिजेत.

तो पुठ्ठ्याचा कॉम्प्युटर काय होता ते आधी सांगतो. १९६८ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये डेव्हिड हेगलबार्गर आणि सॉल फिंगरमन या दोघांनी शाळेतल्या मुलांसाठी तो केला, नाव कार्डिॲक. पुठ्ठ्याचं एक पाकीट, त्यात वरखाली सरकणाऱ्या पट्ट्या, आणि एका बाजूला ०० ते ९९ अशी मेमरीची शंभर घरं. प्रत्येक घरात पेन्सिलीने तीन आकडी नंबर लिहायचा. पहिला आकडा म्हणजे हुकूम, असे फक्त दहा हुकूम आहेत, पुढचे दोन आकडे म्हणजे घराचा पत्ता. २३४ लिहिलं असेल तर ३४ नंबरच्या घरात जे आहे ते घेऊन हातातल्या आकड्यात मिळव. ६३५ असेल तर हातात जे आहे ते ३५ मध्ये लिहून ठेव. ८ ने सुरू होणारा नंबर आला की पुढे न जाता तो सांगेल त्या घरावर उडी मार. आत्ता कुठल्या घरातला हुकूम चालू आहे ते लक्षात राहावं म्हणून पुठ्ठ्याचा एक छोटा किडा त्या घराच्या भोकात खोचायचा आणि प्रत्येक हुकमानंतर पुढे सरकवायचा. बेरीज करणारे आपणच, पट्टी सरकवणारे आपणच, किडा उचलणारेही आपणच.

मी तो लग्नपत्रिकांच्या जाड कागदातून आणि जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यातून केला, भोकं कर्कटकाने पाडली. एक ते दहा मोजायचा प्रोग्रॅम चालवायला मला वीसेक मिनिटं लागली आणि मधेच किडा एका जागी चुकीचा ठेवला गेला म्हणून सगळं पहिल्यापासून करावं लागलं. पण त्या वीस मिनिटांत मला एक गोष्ट अशी लख्ख कळली की मी बायकोला स्वयंपाकघरातून हाक मारून दाखवलं. हुकूम आणि माहिती दोन्ही एकाच जागेत, एकाच रूपात, नुसते आकडे म्हणून बसलेले असतात! मशीनला त्यातला फरक माहीतच नसतो. किडा ज्या घरावर आहे ते हुकूम, बाकी सगळी माहिती. "मेंदू"वाल्या त्या दोन मार्कांच्या उत्तरात यातलं काही नव्हतं, आणि त्या सरांना दोष देण्यात अर्थ नाही कारण त्यांनाही कुणी आतलं दाखवलं नव्हतं. स्क्रीन दाखवली होती. स्क्रीनवर आतलं दिसत नाही, ती बनवलेलीच अशी आहे की आतलं दिसू नये, वापरणाऱ्याला त्रास नको. वापरायला ते उत्तम आहे पण शिकायला त्याचा काही उपयोग नाही.

यानंतर मी एक प्रयोग पोरांबरोबर केला, त्यावरून माझं मत पक्कं झालं. १९६१ साली एडिनबरा विद्यापीठातले डोनाल्ड मिची यांनी काडेपेट्यांचं एक मशीन केलं होतं, नाव मेनेस. फुली-गोळा खेळणारं. ३०४ काडेपेट्या, प्रत्येकीवर खेळातली एक स्थिती काढलेली, आत नऊ रंगांचे मणी, एक रंग म्हणजे एक घर. आपण खेळलो की त्या स्थितीची पेटी शोधायची, हलवायची, पुढच्या कोपऱ्यात जो मणी येईल ती मशीनची खेळी. मशीन जिंकलं तर वापरलेल्या पेट्यांत त्या त्या रंगाचे तीन मणी जास्त टाकायचे, बरोबरी झाली तर एक, हरलं तर तो मणी काढून घ्यायचा. हे मिची म्हणजे दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कला जर्मन सांकेतिक संदेश फोडणाऱ्यांपैकी एक, साधा माणूस नव्हे, पण आपली कल्पना तपासून बघायला त्यांच्याकडे तेव्हा कॉम्प्युटर नव्हता म्हणून काडेपेट्या. आज ज्याला मशीन लर्निंग म्हणतात, त्यातलं बक्षीस-शिक्षा देऊन शिकवायचं जे अख्खं तंत्र आहे, त्याचा हा अगदी सुरुवातीचा नमुना, आणि तो चिकटवलेल्या काडेपेट्यांच्या कपाटात उभा राहिला होता.

३०४ पेट्या आमच्याकडे नव्हत्या. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आमच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये सातवी-आठवीच्या पोरांबरोबर त्याचा धाकटा भाऊ केला. तीन बाय तीनचा पट, दोन्हीकडे तीन तीन प्यादी. प्यादं एक घर सरळ जातं, तिरकं मारतं. पलीकडच्या ओळीत पोचलं की जिंकलं, समोरच्याची सगळी प्यादी मारली तरी जिंकलं, समोरच्याला हलायलाच जागा ठेवली नाही तरी जिंकलं. हा खेळ मार्टिन गार्डनर यांनी १९६२ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात मांडला, मशीन दुसऱ्या नंबरला खेळतं आणि त्याला फक्त २४ पेट्या लागतात. काडेपेटी डिसेंबर २०२१ पासून दोन रुपयांना झालीय, म्हणजे ४८ रुपये. मणी धरून खर्च दोनशेच्या आत.

मण्यांऐवजी आधी आम्ही घरातली कडधान्यं घेतली होती, हरभरा, राजमा, मसूर, पांढरे वाटाणे. तर दोन-तीन खेळांतच एका मुलीने सांगितलं की काका हे बरोबर नाहीये, पेटी हलवली की बारकी मसूर खाली जाते आणि मोठा राजमाच वर दिसतो. तिला रँडम, म्हणजे कुठलाही मणी यायची सारखीच शक्यता, हा शब्द माहीत नव्हता पण अडचण बरोबर सापडली होती. मग सगळे एका मापाचे मणी आणले. नंतर एक पेटीच सापडेना, पटावर जे होतं तसं चित्र एकाही पेटीवर नाही. बराच गोंधळ, भांडण, "तू चित्र काढायला विसरलास" वगैरे, आणि मग एकाने पेटी उलटसुलट करत म्हटलं, अरे आरशात धरली तर हीच आहे की. मला सांगायचंच नव्हतं ते, मी मुद्दाम गप्प बसलो होतो, पण गप्प बसणं किती अवघड जातं ते त्या दिवशी कळलं.

शिकवायचा नियम सोपा होता. मशीन हरलं की त्याची शेवटची खेळी ज्या मण्याने केली तो मणी जप्त, जिंकलं तर काही करायचं नाही. पहिल्या दिवशी पोरांनी मशीनची धूळधाण केली. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मशीन जिंकायला लागलं, आणि तिसऱ्या दिवशी आमच्यातला सगळ्यात हुशार बुद्धिबळ खेळणारा मुलगाही हरला, पुन्हा खेळला, पुन्हा हरला. (या खेळात दुसरा खेळाडू चुकला नाही तर तोच जिंकतो, ते मी नंतर सांगितलं, आधी सांगितलं असतं तर मजा गेली असती.) तेव्हा एक मुलगी पेटी उघडून आत बघत राहिली आणि म्हणाली, "यात तर नुसते मणी आहेत, मग हे शिकलं कुठे?"

हा प्रश्न तेरा वर्षांच्या पोरीला पडावा म्हणून तर शिक्षण असतं. एआयवर व्हिडिओ दाखवून, रंगीत स्लाइड दाखवून हा प्रश्न पडत नाही, कारण तिथे आत बघायला पेटीच नसते. तिने उत्तरही स्वतःच काढलं, की जे मणी नाहीयेत त्यात शिकणं आहे.

आणि यापुढची गोष्ट तर मी ठरवलेलीही नव्हती. दोन गट होते, दोन मशीनं. एक गट आपापसात चुरशीने खेळला. दुसऱ्या गटात धाकट्या भावंडांची गर्दी झाली, पहिली-दुसरीतली पोरं, ती काहीही खेळायची आणि हरायची. शेवटच्या दिवशी आम्ही दोन्ही मशीनं त्याच बुद्धिबळवाल्या मुलासमोर ठेवली तर पहिलं जिंकलं आणि दुसरं सपाटून हरलं. खेळांची संख्या दोन्हीकडे जवळपास सारखीच होती. मग डोकी खाजवून पोरांनीच शोधलं की दुसरं मशीन बारक्यांशी खेळताना हरलंच नाही, हरलं नाही म्हणून मणी काढले गेले नाहीत, आणि त्याच्या वाईट खेळ्या तशाच पेटीत राहिल्या. मशीनला जे दाखवाल तेवढंच ते शिकतं. बँकेचं कर्ज नाकारणारं, नोकरीचे अर्ज चाळणारं सॉफ्टवेअर का चुकू शकतं हे या पोरांना उद्या कुणी सांगितलं तर त्यांना नवीन वाटणार नाही, त्यांच्या हाताला ते आधीच माहीत आहे. तिसरीपासून एआय शिकवायचंच असेल तर मला तरी यापेक्षा सरळ वाट दिसत नाही.

आता कुणी म्हणेल ही सगळी खेळणी झाली, खरा कॉम्प्युटर वेगळा. तर खऱ्याचा इतिहासच हातकामाचा आहे. सोलापुरी चादरीवरची नक्षी जॅकार्डवर निघते, आणि जुन्या जॅकार्डवर नक्षी कशात साठवलेली असायची तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांच्या माळेत. भोक आहे, दोरा उचल, भोक नाही, राहू दे. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास हे तंत्र आलं, आणि चार्ल्स बॅबेजने आपल्या ॲनालिटिकल इंजिनसाठी पुठ्ठ्याची कार्डं तिथूनच उचलली. मुंबईत टीआयएफआर म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली जो टायफ्रॅक सुरू झाला, आपल्या देशात बांधलेला पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर, त्याची मेमरी २०४८ शब्दांची, फेराइटच्या बारक्या कड्यांची. असल्या कड्यांतून तारा ओवायचं काम त्या काळी बहुतेक ठिकाणी हातानेच व्हायचं. चंद्रावर गेलेल्या अपोलोच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम तर अमेरिकेतल्या वॉल्थम गावच्या कारखान्यात बायकांनी अक्षरशः विणलेला, तार कडीच्या आतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. गजऱ्यात फूल ओवणाऱ्या, मागावर बसणाऱ्या आपल्या माणसांना ही भाषा परकी नाही, आपणच ती शाळेच्या दाराबाहेर ठेवलीय.

महाराष्ट्रात तर हे सांगायलाच नको होतं. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला परिषद भरली आणि नई तालीम तिथून निघाली. तिचा गाभा असा की हस्तकला हा शनिवारचा एक विषय न ठेवता तिच्यातूनच गणित, विज्ञान, भूगोल यावं. टकळीवर सूत काढता काढता मोजमाप यावं. आणि नंतरच्या काळात अरविंद गुप्ता टेल्कोतल्या नोकरीतून सुट्टी घेऊन १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या शालेय विज्ञान कार्यक्रमात गेले आणि त्यांनी सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून भूमिती शिकवली, मग पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत कचऱ्यातून शेकडो खेळणी केली. माझ्या पिढीतल्या कितीतरी शिक्षकांनी ती वर्गात नेली. मात्र हे सगळं पदार्थविज्ञान आणि भूमितीपाशीच का थांबलं? कॉम्प्युटर आला की आपण एकदम हात बांधून, चपला काढून, लांब उभे राहतो. आणि हस्तकलेचं काय झालं तर कार्यानुभव नावाचा तास, ज्यात शोभेची फुलदाणी करायची, नाहीतर गणिताचे सर तो तास घेऊन टाकणार. प्रोजेक्ट तर स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतात.

सरकारचा पैसा कुठे जातोय तेही बघायला हवं. अटल टिंकरिंग लॅबसाठी एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान आहे, दहा हजार शाळांत त्या झाल्या आणि २०२५ च्या बजेटमध्ये पुढच्या पाच वर्षांत आणखी ५० हजार लॅबची घोषणा आहे. थ्रीडी प्रिंटर, रोबोटिक्स, सेन्सर. माझा याला विरोध नाही, ज्या शाळेत चांगला शिक्षक आहे तिथे पोरं त्यातून अफाट गोष्टी करतात, मी बघितल्यात. पण २० लाखांच्या वस्तूला हात लावताना शिक्षकाला भीती वाटते, मोडलं तर उत्तर कोण देणार, मग कुलूप. काडेपेटी मोडली तर दुसरी घेता येते. मोडायची मुभा असल्याशिवाय पोरगं शिकत नाही हे शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. त्या २० लाखांतले वीस हजार जरी दरवर्षी पुठ्ठा-मणी-दोऱ्यासाठी आणि मुख्य म्हणजे शिक्षकांच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी वेगळे काढले तरी पुरे.

मला सगळ्यात जास्त टोचलेला आक्षेप जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका मित्राचा आहे. तो म्हणाला, "हे बरंय, शहरातल्या पोरांना लॅपटॉप आणि आमच्यांना काडेपेट्या. तू हे लिहिशील आणि उद्या आम्ही मशीन मागितली की वरून उत्तर येईल की पुठ्ठ्यावर भागवा." हे अगदी खरं आहे, असं होऊ शकतं, आपल्याकडे गरिबांसाठी म्हणून सुरू झालेली गोष्ट गरिबांसाठीच राहते आणि तिची किंमत जाते. म्हणूनच मी सुरुवातीला सांगितलं की हे सगळ्या शाळांत व्हावं, आणि माझं तर म्हणणं की सुरुवातच महागड्या शाळांपासून करा. आणि पुठ्ठ्याच्या नावाखाली एकाही शाळेचं एकही मशीन कमी करता कामा नये. पुठ्ठ्याचा तास मशीनच्या आधी हवा, तो मशीनची जागा घेणार नाही आणि घेऊही नये.

कारण पुठ्ठ्याला जमत नाही असंही बरंच आहे. मिची स्वतः मेनेसशी २२० डाव खेळले, त्याला दोन दिवसांत मिळून सोळा तास लागले. कॉम्प्युटर तेच डाव डोळ्याचं पातं लवायच्या आत खेळेल, आणि वेग हाच कॉम्प्युटरचा खरा जोर आहे, तो काडेपेटीत दिसणार नाही. म्हणून सहा महिन्यांनी त्याच पोरांनी तोच तीन बाय तीनचा खेळ कीबोर्डवर लिहिला पाहिजे. तेव्हा त्यांना ॲरे, म्हणजे माहिती ठेवायचे ओळीने लावलेले कप्पे, म्हणजे काय हे सांगावं लागणार नाही, त्यांनी पेट्या चिकटवलेल्या असतील.

साठ पोरांचा वर्ग असेल तर काय, असंही शिक्षक विचारतात. त्यांनी मैदानावर जावं. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातले टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून कॉम्प्युटरशिवाय कॉम्प्युटर सायन्स शिकवायचे खेळ तयार केलेत, त्यातला एक आम्ही फक्की मारून केला. जमिनीवर वाटा आखायच्या, दोन वाटा जिथे भेटतात तिथे गोल. सहा पोरं सहा आकड्यांच्या चिठ्ठ्या घेऊन एका टोकाला उभी राहतात, गोलात दोघं भेटले की चिठ्ठ्या ताडायच्या, लहान आकडा डावीकडे, मोठा उजवीकडे, आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत सगळे आपोआप क्रमाने लागतात. एखादा घाईने जोडीदाराची वाट न बघता पुढे पळाला की अख्खा निकाल बिघडतो, आणि मग बाकीचे त्याला ओढून परत आणतात. एकाच वेळी अनेक कामं करणाऱ्या मशीनची मुख्य अडचण हीच आहे. सहा जण पळत असताना बाकीचे कडेने बघत ओरडत असतात, मग पुढचे सहा. साठ पोरांना एक तास पुरतो.

एक भीती मात्र मला आहे. हे रुजलं तर वर्षभरात कुणीतरी तयार किट काढेल, कापलेले पुठ्ठे, छापलेल्या पेट्या, नंबर टाकलेले मणी, नऊशे नव्व्याण्णव रुपये. कृपा करून शाळांनी ते घेऊ नये. पेटीवर चित्र काढताना चुकणं, मसूर खाली जाणं, आरशातली पेटी न सापडणं, शिकणं तिथेच झालं होतं.

यंदाच्या सुट्टीत आम्ही ३०४ पेट्यांचं मोठं मशीन करायला घेतोय. बसस्टँडजवळच्या दोन टपऱ्यांना आणि देवळाबाहेरच्या हारवाल्या मावशींना रिकाम्या पेट्या ठेवायला सांगितलंय, आत्तापर्यंत १८७ जमल्यात. पेट्यांवरची चित्रं काढायचं काम त्या मुलीने घेतलंय जिने पेटी उघडून प्रश्न विचारला होता. तिची आता एकच तक्रार आहे, की नऊ रंगांत पिवळा आणि केशरी संध्याकाळच्या उजेडात सारखेच दिसतात, तर केशरीऐवजी काळे मणी आणा.